माल जप्त झाला म्हणजे माल गेला, असं नसतं

पूर ओसरला की गोदामांवर धाडी पडतात आणि मथळा ठरलेला: ‘लाखोंचा भेसळयुक्त माल जप्त, नष्ट’. भिजणं म्हणजे भेसळ नव्हे, आणि जप्त म्हणजे नष्ट तर मुळीच नव्हे.

नाश सगळ्यांना कळतो. पोती फोडायची, खड्ड्यात पुरायची, पंचनाम्यावर सह्या.

घोळ जप्तीचा आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३८ प्रमाणे माल नियमाबाहेरचा आहे असं अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला वाटलं तरी पुरे, सिद्ध व्हावं लागत नाही. तो नमुना घेतो, माल सील करतो आणि तुमच्याच गोदामात, तुमच्याच ताब्यात ठेवू शकतो. त्यासाठी मालाच्या किमतीइतकं बंधपत्र जामीनदारासह लिहून घेता येतं. मालकी तुमचीच, पण पोतं हलवायचं नाही. ‘जरा ऊन दाखवतो’ म्हणून सील तोडलंत तर कलम ६० लागतं: कैद आणि वर दंड.

नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागातल्या अन्न सुरक्षेचा प्रमुख), चौथा तुम्ही मागितलात तरच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. तो तिथल्या तिथे, लेखी मागा. लोक तेवढ्या वेळात ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावत बसतात. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. पटला नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील.

नाशवंत मालाचं वेगळं. खवा, पनीर खाण्यापलीकडे गेल्याची अधिकाऱ्याची खात्री पटली, तर लेखी नोटीस देऊन तो ते नष्ट करवू शकतो. तांदूळ-साखरेला हा नियम लावू नये.

विम्याचा सर्व्हेअर ‘साल्व्हेज’ची, म्हणजे नुकसानीतून उरलेल्या मालाची, किंमत धरतो, ती फक्त पैशांची, माल खाण्यालायक आहे असा तो दाखला नव्हे. साल्व्हेजमध्ये उचललेली तूरडाळ वाळवून, पॉलिश मारून बाजारात आणणाऱ्यावर जप्ती यायलाच हवी. गटाराचं पाणी प्यायलेलं धान्य उन्हानं शुद्ध होत नाही. ‘मग गुरांना घाला’ हा सल्लाही नको: भिजलेल्या मक्यात, शेंगदाण्यात बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, आणि दुभत्या गाईच्या पोटात गेलं की त्याचा अंश दुधात उतरतो.