दुकानदारांच्या कायद्यावर आपल्या आमदारानं काय मत दिलं? नोंद मिळवण्याची आणि मतदानाआधी म्हणणं पोचवण्याची पद्धत

व्यापारी संघटनांकडून एक मागणी हमखास येते: अमुक कायद्याच्या बाजूनं कोणत्या आमदारानं मत दिलं, कोण विरोधात गेलं, याची यादी द्या. अशी यादी बहुतेक कायद्यांची नसतेच. कुणी ती दडवलेली नसते. विधानसभेत बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानानं संमत होतात आणि आवाजी मतदानात नावं लिहिली जात नाहीत. म्हणून माहिती अधिकारात अर्ज करण्याआधी कोणता कागद अस्तित्वात आहे, हे माहीत असायला हवं. नसलेला कागद मागितला की तीस दिवस वाट पाहून ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर हातात पडतं.

आधी हे ठरवा: मतदान झालं होतं का?

दुकानदाराला त्रास देणाऱ्या निम्म्या गोष्टी सभागृहात मताला आलेल्याच नसतात. प्लास्टिकबंदीचंच घ्या. २३ मार्च २०१८ ची ती अधिसूचना २००६ च्या एका जुन्या कायद्यातल्या अधिकाराखाली निघाली. पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी दंडाची पायरी दुकानदारांना पाठ झाली, पण २०१८ मध्ये या बंदीसाठी कोणतंही नवं विधेयक मताला टाकलं गेलं नव्हतं. अशा वेळी आमदाराचं मत शोधण्यात अर्थ नाही. त्यानं त्यावर प्रश्न विचारला का, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावली का, ते पाहायचं.

जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे एकूण मतांत केंद्राचं वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागतं. परिषदेत राज्याचा मंत्री बसतो, तुमचा आमदार नाही. राज्याचा जीएसटी कायदा मात्र मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात विधिमंडळासमोर आला होता. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा, अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा हे तिन्ही संसदेचे आहेत. त्यांवरचं मत खासदाराकडे.

राज्याच्या हातात काय राहतं? दुकाने व आस्थापना कायदा (२०१७), व्यवसाय कर कायदा (१९७५), कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा (१९६३), भाडे नियंत्रण कायदा (१९९९), थकीत करांच्या अभय योजना. यांतला प्रत्येक बदल विधेयक म्हणून येतो किंवा आधी अध्यादेश म्हणून. अध्यादेशात गोम अशी, की कायदा लगेच लागू होतो आणि मतदान नंतर होतं. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी विधेयक संमत झालं नाही तर अध्यादेश संपतो. म्हणजे दुकानावर बजावणी सुरू झाली तरी मत पालटण्याची खिडकी अजून उघडी असू शकते. हे बऱ्याच संघटनांच्या लक्षातच येत नाही.

सभागृहात मत कसं पडतं

विधानसभेत २८८ सदस्य, विधान परिषदेत ७८. गणपूर्तीला (कामकाजासाठी लागणाऱ्या किमान हजेरीला) एकदशांश किंवा दहा, यांपैकी जी संख्या मोठी ती लागते, म्हणजे विधानसभेत २९ आणि परिषदेत १०. निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं होतो. तटस्थ बसलेला किंवा बाहेर चहा पीत उभा असलेला आमदार मोजणीत धरला जात नाही. अध्यक्ष सुरुवातीला मत देत नाहीत, समसमान मतं पडली तरच देतात. तुमचे आमदार अध्यक्ष असतील तर त्यांचं मत शोधू नका.

विधेयक एकदाच मताला येतं असं नाही. पुरःस्थापना (विधेयक सभागृहात मांडणं), विचारात घेण्याचा प्रस्ताव, मग खंडशः विचार (एकेक कलम घेऊन), शेवटी संमतीचा प्रस्ताव. खंडशः विचारात प्रत्येक सुधारणा वेगळी मताला टाकली जाते. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीनं खरं मत इथे असतं. एखादा आमदार विधेयकाच्या बाजूनं असूनही दंड कमी करण्याची सुधारणा मांडू शकतो. ती नामंजूर झाली तरी ‘सुधारणा क्रमांक अमुक, मांडणारे श्री. अमुक’ अशी नोंद कार्यवाहीत, म्हणजे सभागृहातल्या कामकाजाच्या लेखी नोंदीत, राहते. आवाजी मतदानात हरवणारं नाव इथे सापडतं.

‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’, असं पीठासीन अधिकारी विचारतात आणि आवाजावरून निकाल देतात. त्यावर आक्षेप घेऊन सदस्यांनी पोल, म्हणजे मोजून मतदान, मागितला तरच मतविभागणी होते. घंटा वाजते, दारं बंद होतात, मोजणी होते. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावावर अशीच शिरगणती झाली आणि १६४ विरुद्ध ९९ असा आकडा नोंदला गेला. उलट नोव्हेंबर २०१४ चा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं संमत झाला आणि त्यावरून बराच वादही झाला. सरकारच्या अस्तित्वाचा ठराव जिथे आवाजानं संमत होतो, तिथे दुकानांच्या वेळेच्या दुरुस्तीवर कुणी पोल मागेल ही अपेक्षा जरा जास्तच.

मतविभागणी झाली तरी व्हीप, म्हणजे पक्षादेश, असतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे पोलमधली नावं वाचून पक्षाची भूमिका कळते. आमदाराची स्वतःची भूमिका भाषणात, सुधारणेत आणि प्रश्नांत शोधावी लागते.

नोंद कुठे पाहायची

विधिमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर विधेयकं, दिवसाचा कामकाजक्रम आणि प्रश्नांच्या याद्या मिळतात. शोधाला सुरुवात विधेयकाच्या क्रमांकापासून करा, कायद्याच्या नव्हे. दुकाने व आस्थापना कायदा ‘सन २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६१’ आहे. विधेयकाचा क्रमांक वेगळा असतो. अधिनियमाचा क्रमांक टाकून विधेयक शोधणारे हमखास रिकाम्या हातानं परततात. विधेयकाच्या शेवटी जोडलेलं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जरूर वाचा. बदल कशासाठी केला, हे सरकारच्याच शब्दांत तिथे असतं.

मग विधेयक कोणत्या तारखेला चर्चेला आलं ते पाहून त्या दिवसाची कार्यवाही काढा. त्यात ‘प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला’ एवढंच लिहिलेलं असेल तर समजा, आवाजी मतदान झालं आहे. नावं मिळणार नाहीत. वरची भाषणं वाचा. विधान परिषदेतली कार्यवाहीही वेगळी पाहा. धन विधेयक (कर, सरकारी खर्च अशा विषयांचं) असेल तर परिषदेला फक्त चौदा दिवस मिळतात आणि तिची शिफारस विधानसभेवर बंधनकारक नसते, म्हणून करविषयक विधेयकांत परिषदेतल्या मतापेक्षा तिथलं भाषण उपयोगी.

माहिती अधिकाराचा अर्ज

पात्रता: भारताचा नागरिक. संघटना किंवा कंपनीच्या नावानं अर्ज केला तर नागरिकत्वाच्या मुद्द्यावर तो अडू शकतो. लेटरहेड वापरू नका. पदाधिकाऱ्यानं स्वतःच्या नावानं, घरच्या पत्त्यानं अर्ज करावा. कारण सांगायची सक्ती नाही.

अर्ज दोन ठिकाणी होऊ शकतो आणि दोन्हीकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या. सभागृहातली कार्यवाही, सुधारणांच्या सूचना, मतविभागणीचा तक्ता हे सगळं विधानमंडळ सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, विधान भवन, मुंबई ४०० ०३२. विधेयकाच्या मसुद्यावर आलेल्या हरकती आणि त्यांवर विभागानं काय केलं, हे संबंधित प्रशासकीय विभागाकडे. दुकाने कायद्यासाठी कामगार विभाग, व्यवसाय करासाठी वित्त विभाग, बाजार समित्यांसाठी पणन विभाग.

राज्य शासनाच्या विभागांसाठी लागतं ते असं:

– ‘जोडपत्र अ’ नमुन्यातला अर्ज, एकाच विषयावर, साधारण १५० शब्दांत
– १० रुपये शुल्क, कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर
– दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ; दाखल्याची प्रत जोडावी
– छायाप्रतींसाठी पानामागे २ रुपये, तसं मागणीपत्र आल्यावर

विधिमंडळासाठी शुल्काचे नियम करण्याचा अधिकार कायद्यानं सभागृहाच्या प्रमुखांना दिला आहे. त्यामुळे तिथला अर्ज टाकण्याआधी सचिवालयाची माहिती अधिकाराची सूचना पाहून त्यातल्याच पद्धतीनं शुल्क भरा.

मजकूर असा असावा: ‘सन ____ चे विधानसभा विधेयक क्रमांक ____ यासंदर्भात (१) विचारात घेण्याच्या प्रस्तावावर व संमतीच्या प्रस्तावावर मतविभागणी झाली असल्यास मतविभागणीची नोंद, (२) खंडशः विचारावेळी मांडलेल्या सुधारणांची यादी, मांडणाऱ्या सदस्यांच्या नावांसह, (३) चर्चेच्या कार्यवाहीची प्रत.’ इतकंच. ‘आमच्या आमदारांनी लहान दुकानदारांच्या हिताविरुद्ध मत का दिले?’ हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. अभिलेखात असलेलंच मागता येतं, कुणाकडून खुलासा मागता येत नाही. पहिल्या मुद्द्यातलं ‘झाली असल्यास’ मुद्दाम ठेवा. मतविभागणी झाली नाही असं लेखी उत्तर आलं, तरी तो एक उपयोगी कागद आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील. विभागांकडे त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. नकार आला तर कलम वाचा. ८(१)(ग) म्हणजे विशेषाधिकारभंग, ८(१)(झ) म्हणजे मंत्रिमंडळाचे कागद. दुसऱ्या कलमात निर्णय होऊन बाब पूर्ण झाल्यावर कारणं जाहीर करण्याची तरतूद आहे, म्हणून कायदा झाल्यानंतर तोच अर्ज पुन्हा करता येतो.

मतदानाआधी: निवेदनात काय लिहायचं

‘लहान व्यापाऱ्यांवर अन्याय होतो, विधेयक मागे घ्या’ अशा निवेदनाचं आमदार काहीच करू शकत नाही. त्याला सभागृहात वाचता येईल असा मजकूर हवा. समजा विधेयकाच्या खंड ४ मध्ये सूचना देण्याची मुदत सात दिवस आहे. निवेदनात लिहा: ‘खंड ४ मध्ये, “सात दिवसांच्या आत” या मजकुराऐवजी “तीस दिवसांच्या आत” हा मजकूर दाखल करण्यात यावा.’ खाली चार ओळींत कारण: एकट्या माणसानं चालवलेल्या दुकानात तो आजारी पडला तर सात दिवस कसे निघून जातात, दंड किती, महिन्याच्या उलाढालीशी त्याचं प्रमाण काय. विधेयकाचं ते पान खूण करून जोडा. हे एका पानात बसवा.

करविषयक विधेयकांत एक बारकावा उपयोगी पडतो. कर लावण्याचं किंवा वाढवण्याचं विधेयक वा सुधारणा राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, पण कर कमी किंवा रद्द करण्याची सुधारणा मांडायला ती शिफारस लागत नाही. व्यवसाय कराची घटनेतली कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये. त्याखालचा दर कमी करण्याची सुधारणा विरोधी बाकांवरचा आमदारही मांडू शकतो. ‘वित्त विषय आहे, आमच्या हातात नाही’ असं कुणी म्हणालं तर घटनेच्या अनुच्छेद २०७ चं परंतुक (अपवाद सांगणारा भाग) दाखवा.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर थेट नागरिकांकडूनही सूचना मागवल्या जाऊ शकतात. जनसुरक्षा विधेयकावर अशा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. जाहिरातीतली शेवटची तारीख आणि विधेयकाचा क्रमांक पाकिटावर लिहा.

आमदारामार्फत सभागृहाला उद्देशून विनंती अर्जही सादर करता येतो; तो विनंती अर्ज समितीकडे जातो. त्यावर प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता असावा, विषय न्यायालयात प्रलंबित नसावा, भाषा सभ्य असावी. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्या नंतर मजकुराला टाचल्या, तर तो अर्ज पहिल्याच छाननीत बाद होण्याची शक्यता जास्त.

वेळेचं गणित कडक आहे. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी जाते, म्हणून अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात दिलेलं निवेदन प्रश्नासाठी उशिराचं ठरतं, लक्षवेधीसाठी चालतं. विधेयकं शेवटच्या आठवड्यात घाईनं येतात, तेव्हा सुधारणा आधीच लिहून तयार ठेवलेली असेल तरच आमदाराच्या हातात वेळेवर पडते. तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारणार नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचा आमदार किंवा तुमच्या विभागाचा पदवीधर मतदारसंघातला परिषद सदस्य गाठा. कागदाची पोच घ्यायला विसरू नका. नंतर सुधारणांच्या यादीत ती सूचना दिसली की नाही, हे तपासताना तीच पोच समोर ठेवायची आहे.