कॅलिफोर्नियात शेरीफ कोण होऊ शकतो? 1988 च्या कायद्याची पार्श्वभूमी

31 डिसेंबर 1988 पर्यंत कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफपदासाठी, म्हणजे तिथल्या निवडून येणाऱ्या पोलिस आणि तुरुंग प्रमुखाच्या जागेसाठी, उभं राहायला त्या काउंटीचा नोंदणीकृत मतदार असणं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून तेवढ्यावर भागेना. 1988 साली मंजूर झालेला कायदा 1 जानेवारी 1989 ला लागू झाला आणि उमेदवाराने पोलिसी नोकरी केलेली असणं सक्तीचं झालं. तो कायदा आजही आहे. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, किंवा लॉस एंजलिसकडे स्थायिक झालेल्या, नागरिकत्व घेतलेल्या मराठी मतदारांना शेरीफपदासमोर सगळी नावं वर्दीतून आलेल्यांचीच का दिसतात, याचं कारण हेच.

हे पद इंग्लंडमधून 17व्या शतकात व्हर्जिनियात आलं. मुंबईचं नगरपालपदही मूळचं तेच, फक्त आपल्याकडे ते मानापुरतं उरलं. लॉस एंजलिस काउंटीला पहिला शेरीफ मिळाला 1850 साली, कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य झालं त्याच वर्षी. तेव्हा पोलिसी अनुभवाची अट घालायचा प्रश्नच नव्हता, कारण असा अनुभव मिळावा अशी पगारी खाती जवळजवळ नव्हतीच. पुढे खाती वाढली, हुद्दे आले. 1959 साली राज्याने पोलिस प्रशिक्षणाचे किमान निकष ठरवणारा आयोग नेमला आणि त्याची प्रमाणपत्रं सुरू झाली: प्राथमिक, मध्यम, प्रगत. यातल्या प्रगत प्रमाणपत्रालाच 30 वर्षांनी निवडणुकीच्या अर्जात स्थान मिळालं.

शेरीफच्या खात्यात वर चढत जाण्याची रीत लॉस एंजलिसमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसते. पोलिस अकादमीतून बाहेर पडलेला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा साधा पोलिस, तिथे सहसा थेट गस्तीच्या गाडीत बसत नाही. आधी काही वर्षं तुरुंगात काढावी लागतात: कैद्यांची मोजणी, जेवणाच्या वेळा, कोर्टात न्यायच्या लोकांना बेड्या घालून बसमध्ये चढवणं. मग गस्त, मग सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, चीफ, असिस्टंट शेरीफ आणि शेवटी अंडरशेरीफ. त्याच्या वरची एकच खुर्ची मतदारांच्या हातात. पण 1932 ते 1998 या 66 वर्षांत त्या खुर्चीवर फक्त तीन माणसं बसली आणि तिघंही अंडरशेरीफपदावरूनच वर गेली. 1932 आणि 1982 साली तर आधीचा शेरीफ मुदत संपायच्या आत पायउतार झाला, काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळाने त्याच्या हाताखालच्याला नेमलं आणि नेमलेला माणूस पदावर बसूनच निवडणुकीला सामोरा गेला. 1998 साली यातला तिसरा मतदानाला काही दिवस उरले असताना वारला. त्याचं नाव मतपत्रिकेवर तसंच राहिलं, आणि जिंकला तोही त्याच खात्यातला एक चीफ.

सॅन फ्रान्सिस्कोत मात्र वेगळं घडलं होतं. तिथे शहराचं पोलिस खातं स्वतंत्र आहे. शेरीफकडे मुख्यतः तुरुंग आणि कोर्टाचा बंदोबस्त. 1979 च्या निवडणुकीत तिथे एक वकील जिंकला. कैद्यांना कायदेशीर मदत मिळवून देणं हे त्याचं आधीचं काम. पोलिसात त्याने एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. जानेवारी 1980 मध्ये त्याने सूत्रं घेतली आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले, तब्बल 32 वर्षं. शिक्षा भोगून सुटलेल्यांना त्याने खात्यात नोकऱ्या दिल्या. 2003 साली तुरुंगाच्या आतच प्रौढ कैद्यांना हायस्कूलची पदविका मिळवून देणारी शाळा काढली. असे लोक फिरून या पदावर येऊ नयेत म्हणूनच 1988 चा कायदा झाला, असं तेव्हापासून बोललं जातं. त्याची स्वतःची खुर्ची वाचली ती कायद्यातल्या एका वाक्यामुळे: 1 जानेवारी 1989 रोजी जे शेरीफ पदावर आहेत त्यांनी सर्व अटी पूर्ण केल्या आहेत असं समजावं.

अटींची मांडणी नीट वाचण्यासारखी आहे. प्रगत प्रमाणपत्र असेल तर उमेदवारी मोकळी. नसेल तर शिक्षण आणि नोकरी यांचा हिशोब: पदव्युत्तर पदवी असेल तर 1 वर्षाची पूर्णवेळ पगारी पोलिसी नोकरी, पदवी असेल तर 2, दोन वर्षांची असोसिएट पदवी असेल तर 3, नुसतं हायस्कूल असेल तर 4. त्या नोकरीतला काही भाग तरी अर्ज भरण्याआधीच्या 5 वर्षांतला हवा. वरवर पाहता अटी फार जड नाहीत. खरी गोम आहे ती कुठली नोकरी धरायची यात. जिल्हा सरकारी वकिलाच्या कचेरीतला तपास अधिकारी चालतो, स्वतः सरकारी वकील चालत नाही. न्यायाधीश चालत नाही, तुरुंगातला डॉक्टर चालत नाही. त्या वकील शेरीफनंतर 2011 साली सॅन फ्रान्सिस्कोत शहराच्या कारभारी मंडळातला एक राजकारणी निवडून आला. पूर्वी तो सरकारी वकिलाच्या कचेरीत तपास अधिकारी होता, म्हणून त्याचा अर्ज टिकला.

कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे: हजारो सशस्त्र माणसांवर हुकूमत चालवायची तर ते काम माहीत हवं. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण ऑक्टोबर 2011 पासून राज्याने कमी गंभीर गुन्ह्यांतले कैदी राज्याच्या तुरुंगांऐवजी काउंटीच्या तुरुंगांत ठेवायला सुरुवात केली, आणि शेरीफच्या कामात तुरुंगाचा, म्हणजे आजारपण, व्यसनं, मानसोपचार, शिक्षण यांचा वाटा आणखी वाढला. अनुभवाची अट मात्र तिथल्या तिथेच राहिली. आणि अनुभव काय हमी देतो हे लॉस एंजलिसने पाहिलं. तुरुंगातल्या मारहाणीचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, तपास अडवल्याबद्दल तिथला माजी अंडरशेरीफ 2016 साली आणि जानेवारी 2014 मध्ये राजीनामा दिलेला शेरीफ 2017 साली दोषी ठरला. दोघांकडेही अनुभवाची काडीची कमतरता नव्हती.

अटींना कोर्टात आव्हान दिलं गेलं. राज्यघटनेला निवडून आलेला शेरीफ हवा आहे, मग विधिमंडळाला मतदारांची निवड अशी आवळता येते का, हा प्रश्न होता. 2019 साली व्हेंचुरा काउंटीतल्या खटल्यात अपील न्यायालयाने येते असा निकाल दिला. 2021 साली जुनीच पद्धत परत आणणारं विधेयक मांडलं गेलं, पण ते कायदा होण्यापर्यंत पोचलं नाही. माझ्या मते तिथे मोठी संधी गेली. वर्दीतला उमेदवार चांगला की बाहेरचा, हे ठरवायला मतदार समर्थ आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी 32 वर्षं ते ठरवलंच होतं.

दार अरुंद राहिल्यामुळे खळबळ खात्यांच्या आतच झाली. 2018 साली लॉस एंजलिसमध्ये एका निवृत्त लेफ्टनंटने पदावरच्या शेरीफला हरवलं. कॅप्टनपासून अंडरशेरीफपर्यंतचे सगळे हुद्दे ओलांडून तो एकदम वर पोचला. पदावरचा शेरीफ तिथे हरण्याची 100 वर्षांहून अधिक काळातली ही पहिली वेळ. 2022 साली तोही हरला, लाँग बीच शहराच्या माजी पोलिस प्रमुखाकडून. त्याच मतदानात काउंटीच्या पर्यवेक्षकांना सबळ कारण असेल तर पाचापैकी चार मतांनी शेरीफला काढण्याचा अधिकार मिळाला.

सॅन मटेओ काउंटीने मार्च 2025 मध्ये तोच मार्ग धरला. त्याच खात्यात कॅप्टन राहिलेल्या आणि 2022 साली पदावरच्या शेरीफला हरवून आलेल्या महिला शेरीफला तिथल्या मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये एकमताने पदावरून काढलं. हा अधिकार तिथे 2028 अखेरपर्यंतच आहे. शेरीफच्या निवडणुका अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात घ्यायच्या असं राज्याने ठरवल्यामुळे 2022 साली निवडून आलेल्यांची मुदत 4 ऐवजी 6 वर्षांची झाली आहे. पुढची नियमित निवडणूक 2028 साली, आणि तेव्हाही अर्ज भरताना 1988 च्याच अटी तपासल्या जातील.