खाडीतील चिखल-गोगलगाय आणि तिच्या नामांतराची पार्श्वभूमी

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा अरबी समुद्राला मिळते, तर गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला. या दोन्ही किनाऱ्यांच्या खाड्यांत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर ‘पिरेनेला सिंग्युलाटा’ ही साधारण तीन सेंटिमीटर लांबीची गोगलगाय शैवाल आणि कुजका सेंद्रिय गाळ खात फिरते. नाशिकहून किनाऱ्यावर अभ्याससहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र जुन्या पुस्तकांत ती ‘सेरिथिडिया सिंग्युलाटा’ या नावाने सापडते.

तिच्या कुलाचा खारफुटीशी संबंध इओसीन काळाइतका, म्हणजे कोट्यवधी वर्षांइतका जुना आहे. शास्त्रीय वर्णन १७९१ मध्ये, तेव्हा डॅनिश वसाहत असलेल्या तमिळनाडूतील तरंगमबाडीच्या नमुन्यांवरून झाले आणि त्या वेळी तिला ‘म्युरेक्स’ या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले गेले.

पुढे फार काळ ती ‘सेरिथिडिया’त गणली गेली. वास्तविक खऱ्या सेरिथिडिया खारफुटीच्या खोडांवर चढतात आणि ही चिखल सोडत नाही. एवढा ठळक फरक दिसत असूनही वर्गीकरण बदलायला इतका उशीर लागावा, हे खटकते. १९२९ मध्ये सुचवलेली ‘सेरिथिडिऑप्सिला’ ही प्रजाती हळूहळू रूढ होत होती, तोच डीएनएच्या तुलनेतून भूमध्य समुद्रातील ‘पिरेनेला’ याच गटातली असल्याचे दिसून आले. ‘पिरेनेला’ हे नाव १८४७ चे, म्हणजे आधीचे असल्याने अग्रक्रमाच्या नियमानुसार २०१६ च्या पुनरावलोकनात तेच स्वीकारले गेले. नाव वारंवार बदलल्याने क्षेत्रीय अभ्यासकांची गैरसोय झाली, ही तक्रार रास्त आहे. परंतु निर्णय योग्यच होता, कारण त्याच कामातून एका नावाखाली अनेक जाती दडल्याचे उघड झाले आणि अरबस्तानच्या आखातातील गोगलगाय ‘पिरेनेला अरेबिका’ म्हणून वेगळी काढली गेली.

याचा परिणाम जुन्या नोंदींवर होतो. फिलिपीन्समध्ये मिल्कफिश या खाद्यमाशाच्या तळ्यांतील शैवाल फस्त करणारी म्हणून हिच्यावर कथिलयुक्त विषे वापरली गेली, ज्यांवर पुढे बंदी आली. हिच्या शरीरात वाढणाऱ्या पर्णकृमींवरही (चपट्या परजीवी कृमींवर) पुष्कळ संशोधन झाले. असे जुने अभ्यास नेमक्या कोणत्या जातीचे, हे आता तपासून पाहावे लागते. शंखावरील मणीदार रांगा आणि ओठाचा, म्हणजे शंखाच्या तोंडाच्या कडेचा, पसरटपणा एकाच जातीतही बराच बदलत असल्याने केवळ कोरडे शंख जपलेल्या संग्रहांतून ही ओळख पटवणे अवघड जाते. त्यासाठी अल्कोहोलमध्ये ठेवलेले मांसल नमुने लागतात.