लोहारी अवजारांची पुनर्बांधणी (बेळगाव सीमाभाग)

झिजलेल्या, मोडलेल्या किंवा एखादा भाग हरवलेल्या जुन्या लोहारी अवजारांना भट्टीत हाताने घडवलेला नवा भाग बसवून ती पुन्हा कामाला लावणे, म्हणजे लोहारी अवजारांची पुनर्बांधणी. ऐरण, घण, सांडशी, भाता, हाताने फिरवायचा पंखा आणि पायाचा व्हाइस (काम घट्ट पकडून धरणारे अवजार) ही यातली मुख्य अवजारे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या कर्नाटकातल्या मराठी-कानडी मुलखात हे काम वेगळा धंदा म्हणून क्वचितच चालते. ते लोहाराच्या रोजच्या कामाचेच अंग आहे.

लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. फाळ, कुळव, विळे, खुरपी, गाडीची धाव ही गावची कामे करता करता तो स्वतःची सांडशी, छिन्नी आणि सुंबाही (भोक पाडायचे अवजार) स्वतःच घडवत आला. कानडीत त्याला कम्मार म्हणतात. बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडीही या भागात येतात आणि झाडाखाली भट्टी मांडून विळे-कोयते पाजवून देतात. दुसऱ्या बाजूला लष्करी छावण्या आणि रेल्वेबरोबर विलायती ऐरणी व व्हाइस देशभर पसरले. बेळगावात छावणी होतीच, १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेही आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले ते याच शहरात, आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर जाण्याआधी त्यांचे लोखंडी नांगरही इथेच तयार झाले. पुढे शहराच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात फाउंड्र्या आणि मशीन शॉप उभी राहिली. त्यामुळे इथे एखादा भाग ओतून घेणे किंवा लेथवर काढून घेणे अवघड नाही. तरीही ज्या भागावर रोज घाव बसतो तो घडीवच हवा. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, पण फटक्याला ठिसूळ असते. सांडशीचा पाय किंवा व्हाइसचा पट्टा ओतून घेतला तर तो वाकत नाही, थेट तुटतो.

ऐरण

गावातली जुनी ऐरण म्हणजे बहुधा बाभळीच्या खोडात रोवलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा. विलायती ऐरणीला एका बाजूला निमुळते शिंग असते. मागच्या बाजूला एक चौकोनी आणि एक गोल अशी दोन भोके असतात. अनेक इंग्लिश ऐरणींच्या कुशीवर तीन आकडे ठोकलेले दिसतात, ते तिचे वजन. पहिला आकडा हंड्रेडवेट (११२ पौंड), दुसरा त्याचा चौथा हिस्सा (२८ पौंड), तिसरा सुटे पौंड. म्हणजे १-२-१० अशी खूण असेल तर ११२ + ५६ + १० = १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी हे आकडे वाचावेत. गंज जास्त असेल तर त्यावर खडू घासला की ते उठून दिसतात.

ऐरणीला हात लावताना सर्वांत जास्त जपावे लागते. अशा जुन्या ऐरणीचे अंग मऊ घडीव लोखंडाचे असते आणि वर पाणी दिलेल्या (तापवून विझवून कडक केलेल्या) पोलादाची पाटी तापजोडाने, म्हणजे तापवून ठोकून एकजीव करून, बसवलेली असते. तिचा खणखणीत आवाज आणि हातोडा उसळून परत येणे हे सारे त्या पाटीमुळे. कडा तुटल्या आहेत म्हणून कुणी वेल्डिंग करून भरतो, कुणी पृष्ठभाग ग्राइंडरने सपाट करतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पाणी उतरते आणि ग्राइंडरने पाटी पातळ होते. एकदा गेलेली पाटी परत येत नाही. म्हणून तुटकी कड तशीच ठेवून तिला हलकी गोलाई द्यावी आणि चौकोनी भोकात बसेल अशी छिन्नी, वाकवणी किंवा छोटी कड नव्याने घडवून घ्यावी. जे काम तुटक्या कडेवर होत नाही ते या जोडावर होते आणि ऐरण जशीच्या तशी राहते.

सांडशी

सांडशीचे दोन पाय जोडणारा रिवेट झिजला की जबडे हलू लागतात, पकडलेले लाल लोखंड निसटते आणि अपघात होतो. हा रिवेट बदलणे हे दिसायला सर्वांत छोटे काम, पण हात इथेच कळतो. जुना रिवेट छिन्नीने उडवून भोक साफ करतात. नवा रिवेट नरम लोखंडाच्या सळईचा असतो. बाहेर ठेवायची लांबी जाडीच्या दीडपट, म्हणजे १० मिलिमीटर सळईला १५ मिलिमीटर. याहून कमी ठेवले तर डोके भरत नाही, जास्त ठेवले तर ते एका बाजूला कलंडते. रिवेट चांगला तापवून झटपट घालायचा, आधी मधोमध दोन-तीन घाव आणि मग कडेने गोल फिरवत डोके बसवायचे. नंतर सांडशी तशीच खाली ठेवली तर सांधा आवळून बसतो. म्हणून लाली जाईपर्यंत ती सारखी उघडत-मिटत राहायची आणि मग पाण्यात बुडवूनही हलवत राहायची. चांगली सांडशी एका हाताने सहज उघडते, पण स्वतःच्या वजनाने लोंबत नाही.

पायाचा व्हाइस

जमिनीपर्यंत पाय असलेला हा व्हाइस घणाचे घाव सोसतो, कारण धक्का पायातून खाली उतरतो. भंगारात तो मिळतो तेव्हा बहुतेक वेळा दोन भाग नसतात. एक, जबडे उघडणारी पाटीची स्प्रिंग आणि दोन, बाकाला धरणारा पट्टा व त्याच्या पाचरी. सुदैवाने हे दोन्ही भट्टीत घडवता येतात. स्प्रिंगसाठी ट्रकच्या कमानीचा पाटा उत्तम. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. तो तापवून पातळ करायचा, वरचे टोक आकडीसारखे वळवायचे आणि मधे बाक द्यायचा. पाणी देताना लोहचुंबक जवळ ठेवावा. तो लोखंडाला चिकटेनासा झाला (सुमारे ७७० अंश सेल्सिअस) की थोडे आणखी तापवून तेलात बुडवायचे. पाट्याचे पोलाद पाण्यात बुडवले तर तडकण्याची भीती असते. त्यानंतर ताव उतरवताना, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलके तापवताना, गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. छिन्नीला पिवळ्या-तपकिरीवर थांबतात, स्प्रिंगला निळ्याच्याही पुढे न्यावे लागते. पाचरी मात्र साध्या नरम लोखंडाच्याच कराव्यात. पाचर झिजली तर नवी ठोकता येते, पट्टा झिजला तर पुन्हा सगळे उतरवावे लागते.

स्क्रूची नळी गेली असेल तर काम जड. फार जुन्या व्हाइसमध्ये आतले आटे कापलेले नसून पट्टी वळवून पितळेने जोडलेले असतात. तशी नळी चुकूनही भट्टीत घालू नये, पितळ वितळून आटे सुटतात. नवे आटे हवे असतील तर लेथवाल्याकडे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

इतर भाग

भात्याचे चामडे कोरडे पडून फाटते, ते बदलावेच लागते. आतली हवेची झडप आणि पुढची लोखंडी नळी घडवून मिळते. भट्टीच्या हाताने फिरवायच्या पंख्याचा तुटलेला दांडाही तसाच. घणाच्या दांड्याला धामण चांगली, कारण ती लवचिक असते आणि झटका हातापर्यंत पोचू देत नाही. दांडा बसवल्यावर लाकडी पाचर आणि तिच्यावर आडवी लोखंडी पाचर मारतात.

गंज काढायला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावण्याची रीत चांगली आहे. मात्र चार्जरचे एक टोक अवजाराला जोडल्यावर दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. जस्ताचा मुलामा असलेले लोखंडही भट्टीत घालू नये, त्याच्या धुराने ताप भरतो. तापजोडासाठी टाकणखार वापरतात.

ही कामे बऱ्याच ठिकाणी खंडेनवमीच्या आधी उरकतात. त्या दिवशी मराठी आणि कानडी दोन्ही घरांत अवजारांची पूजा होते आणि भट्टी बंद राहते.

घणाचे तोंड फुलून कडा बाहेर आल्या असतील तर त्या घासून काढाव्यात, नाहीतर घाव बसताच त्याची कपची उडून डोळ्यात जाते. पण तडा गेलेला घण दुरुस्त करू नये. त्याचे पोलाद कापून छिन्न्या आणि सुंबे करावेत.