पायरियावरचा लेझर आला कुठून?

सांगली-मिरज पट्ट्यात दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर हल्ली ‘लेझरने पायरियावर उपचार’ अशी ओळ दिसते. दुखणं मात्र फार जुनं. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ रोग मोजलेत; त्यातल्या ‘उपकुश’मध्ये हिरड्यांची आग होते, रक्त येतं, दात हलायला लागतात. यावरचा मूळ उपाय म्हणजे साठलेलं किटण खरवडून काढणं. विसाव्या शतकात हिरडी उघडून मुळं साफ करायची शस्त्रक्रिया आली आणि लोकांनी टाक्यांची धास्ती घेतली.

थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत पहिला लेझर चालवला. चार-पाच वर्षांत तो दातावरही मारून बघितला गेला. पण दात इतका तापायचा की आतली नस वाचेल याचा भरवसा नव्हता. १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला तो कुमार पटेल यांनी. फलटणहून नीरा ओलांडली की बारामती, तिथला त्यांचा जन्म, इंजिनिअरिंग पुण्यात. (आपल्याकडे हे फार कुणाला ठाऊक नसतं.) त्यांच्या लेझरचा किरण पाण्यात शोषला जातो आणि हिरडीत पाणीच जास्त, म्हणून ती फारसं रक्त न येता कापली जाते. मुळाजवळ मात्र त्याची उष्णता सांभाळणं अवघड.

पायरियाचं खरं ठाणं तर तिथेच. दात आणि हिरडी यांच्यातली फट, म्हणजे पॉकेट, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल असते. रोगात ५-७ मिलिमीटरपर्यंत जाते. एनडी-याग (Nd:YAG) नावाच्या दुसऱ्या एका लेझरचा किरण बारीक काचतंतूतून या फटीत उतरवता येतो, आणि त्याला पाण्यापेक्षा गडद रंग जास्त धरतो. १९९० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तोंडातल्या मऊ भागासाठी त्याला मान्यता दिली. ग्रेग आणि मॅकार्थी या दंतवैद्यांनी बसवलेल्या ‘लॅनॅप’ पद्धतीला २००४ मध्ये परवानगी मिळाली.

या लॅनॅपचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी लेझरने पॉकेटचं रोगट अस्तर काढायचं, मग अल्ट्रासॉनिक मशीनने मुळावरचं किटण काढायचं, मग पुन्हा लेझर फिरवून रक्ताची गाठ धरू द्यायची. म्हणजे एवढ्या महागड्या यंत्राच्या मधोमधही खरवडणं आहेच. आपल्याकडे सहसा दिसणारा छोटा डायोड लेझर तर किटण काढूच शकत नाही. नुसत्या लेझरने पायरिया बरा होतो, असं पाटी सुचवत असेल तर ती जास्तच बोलते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आडवी येते, ती मिश्री. तंबाखूतल्या निकोटिनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. रोग आत वाढतो, पण ब्रशला रक्त लागत नाही. मिश्री लावणाऱ्या सासूबाईंना वाटतं, हिरड्या घट्ट आहेत. त्या दवाखान्यात येतात तेव्हा दात हलत असतो आणि भोवतालचं हाड झिजलेलं असतं. मग स्केलिंग करून किटण निघालं की हलणं जास्तच जाणवतं आणि गावात बोल लागतो तो मशीनला.