कौटुंबिक छायाचित्रसंग्रह (पश्चिम भारत, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध)

कुटुंबातील माणसे, समारंभ, प्रवास आणि घराभोवतीचे व्यवहार यांची छायाचित्रे लावून जपलेल्या वहीस कौटुंबिक छायाचित्रसंग्रह, रूढ भाषेत अल्बम, म्हणतात. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. तथापि घरच्याच माणसाने काढलेले फोटो अल्बमात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

त्याआधीचे अल्बम स्टुडिओतल्या फोटोंचे असत. जाड पुठ्ठ्याच्या पानांना खिडक्या कापलेल्या असत आणि त्यांत फोटो चिकटवलेली ठरावीक मापाची कार्डे सरकवली जात. रंगवलेला पडदा, नक्षीची तिवई, वेताची खुर्ची ही सामग्री बहुतेक स्टुडिओंत सारखीच असल्याने केवळ फोटो पाहून गाव ओळखता येत नाही. कार्डावर छापलेले स्टुडिओचे नाव मात्र हमखास उपयोगी पडते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता.

कोडॅक कंपनीने १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ हा पेटी-कॅमेरा बाजारात आणल्यावर छायाचित्रण हौशी माणसाच्या आवाक्यात आले. आवाक्यात म्हणजे अर्थातच वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी, व्यापारी आणि संस्थानिक यांच्या. शेतकऱ्याच्या किंवा गिरणी-कामगाराच्या घरी अल्बम सापडणे दुर्मीळच. या कॅमेऱ्याच्या मर्यादा त्याच्या फोटोंत स्पष्ट दिसतात. भिंग साधे व फिल्म मंद असल्याने भरपूर ऊन लागे, आणि सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा असा दंडक असल्यामुळे समोरच्यांचे डोळे बारीक झालेले असतात, तर कित्येकदा फोटो काढणाऱ्याची सावली पुढच्या जमिनीवर पडलेली असते. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून वरून पाहावे लागे, म्हणून नजर खालून वर जाते आणि क्षितिज तिरके होते. घरातला काळोखही या पेटीला पेलत नसे. अल्बमात अंगण, ओसरी, तुळशीवृंदावन, विहीर आणि गोठा भरपूर दिसतात, चूल व माजघर जवळजवळ नाहीत. यात सोवळ्याओवळ्याचा भाग असेलही. पण मुख्य अडचण उजेडाची होती. मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगमगाट करणे हे धंदेवाईकांचे काम. त्यामुळे बायकांच्या दिवसातला सर्वांत मोठा भाग या संग्रहांतून गळाला आहे, आणि अल्बमावरून त्या काळच्या ‘दैनंदिन जीवना’विषयी निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. उलट, मुद्दाम न टिपलेल्या गोष्टी कडेला सापडतात: दोरीवर वाळणारे नऊवारी लुगडे, दाराआडून डोकावणारी मोलकरीण, कोपऱ्यात ठेवलेला कंदील.

प्रवासाच्या पानांवर आगगाडीचे फलाट, वळकट्या, पितळी डबे आणि घाटमाथ्यावरचे समूहफोटो असतात. नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाल्यावर माथेरानला जाणे सोपे झाले. काशी-रामेश्वराची यात्रा, विलायतेस निघालेल्याला बंदरावर दिलेला निरोप आणि कोकण-गोव्याची बोट हे विषयही येतात. कोकणातील अनेक बंदरांत आगबोट दूर पाण्यात उभी राही व उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, किनाऱ्यावर येत; पडावात लुगडे सावरत चढणाऱ्या बायकांचा एखादा फोटो त्या प्रवासाची यातायात वर्णनाच्या पानभर मजकुरापेक्षा नेमकी सांगतो. याउलट प्रेक्षणीय स्थळी सगळे ओळीने उभे राहत, त्यामुळे तेथील फोटोंत स्थळ कमी आणि कुटुंबाची ऐपत जास्त दिसते.

मृत्यूनंतर, अंत्ययात्रेपूर्वी फोटो काढून घेण्याची प्रथाही होती. काही व्यक्तींचा तेवढाच फोटो उपलब्ध असतो. पुढे अल्बम चाळणाऱ्यांना तो अशुभ वाटल्याने फाडून टाकल्याची रिकामी जागा व फोटो अडकवण्याचे चार कोपरे काही पानांवर दिसतात.

नंतरच्या अल्बमांत काळ्या कागदावर कोपऱ्यांत फोटो बसवून खाली पांढऱ्या शाईने मजकूर लिहीत. कोकणच्या दमट हवेत फोटोवरील जिलेटिनच्या थरावर बुरशी येते, कसर कागद खाते आणि कडांना चंदेरी झाक चढते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुने फोटो चिकट पानांच्या, प्लॅस्टिकने झाकलेल्या अल्बमांत हलवले गेले, ते सर्वांत घातक ठरले: गोंदाचे डाग पडलेच, शिवाय मूळ क्रम आणि खालची नावे गेली. म्हणूनच अंकीकरण (डिजिटल प्रत) करताना सुटा फोटो न घेता आधी अख्खे पान, नंतर फोटोची पुढची बाजू आणि, तो सहज निघत असेल तरच, मागची बाजू टिपावी. नावे पेन्सिलीने मागे लिहावीत, बॉलपेनने नव्हे.