पौराणिक की दंतकथा? मारबतीच्या दोन गोष्टी

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतींची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या आणि शेवटी जाळल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘या उत्सवामागे पौराणिक कथा आहे’ हे वाक्य ठरलेलं. खरं तर कथा दोन सांगतात आणि त्यातली एकच पौराणिक.

ती पूतनेची. विषारी दूध पाजायला आलेल्या पूतनेला बाळकृष्णाने संपवलं आणि व्रजवासीयांनी तिचं धूड जाळलं. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही कथा आहे. पुराणातली, म्हणून पौराणिक. नागपुरात ऐका नाहीतर पंढरपुरात, पात्रं तीच. तिला कोणी सन विचारत नाही.

दुसरी काळ्या मारबतीची. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी बाकाबाई इंग्रजांना मिळाली, त्या रागातून तिचा पुतळा काढायला लागले, असं नागपूरच्या इतवारी भागात आजही सांगतात. बाकाबाई होऊन गेली. 1817 ची भोसले-इंग्रजांची सीताबर्डीची लढाईही झाली. पण काळी मारबत 1881 पासूनची मानली जाते आणि तोवर बाकाबाई हयातही नव्हती. खरं माणूस, खरा राग आणि मधला सांधा लोकांनी तोंडातोंडी जोडलेला. दंतकथा म्हणतात ती हीच. तिला गाव लागतं, ओळखीचं नाव लागतं, आणि सन विचारला की ती थोडी अडखळते. म्हणून ती टाकाऊ होत नाही; इंग्रजांना मिळालेल्यांबद्दल गावाला काय वाटत होतं, ते कागदपत्रांपेक्षा तिच्यातच जास्त कळतं.

‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ ओरडणाऱ्याला मात्र दोन्ही चालतात. हा घोळ फक्त लिहिणाऱ्यांचा.

‘मिथक’ हा शब्द अभ्यासक पुराणकथेच्या अंगाने वापरतात. वर्तमानपत्रात ‘मधुमेहाबद्दलची मिथकं’ छापून येतं, तिथे साधं ‘गैरसमज’ पुरे.

नागपूरजवळच्या रामटेकला तर एकाच वाक्यात दोन्ही भेटतात. राम रामायण-पुराणांतला, पण ‘राम इथे टेकला म्हणून रामटेक’ ही दंतकथा. प्राचीन वाकाटक घराण्यातल्या राणी प्रभावतीगुप्ताच्या रिद्धपूर ताम्रपटात ‘रामगिरिस्वामी’, म्हणजे रामगिरीचा (आजच्या रामटेकचा) देव, येतो, तो इतिहास. आणि तिथल्या देवळाला ‘पौराणिक मंदिर’ म्हणणं सरळ चूकच आहे. ते जुनं आहे, एवढंच.